‘सुंता करावी लागेल’ : डॉक्टरी कारणांचा दीडशे वर्षांचा हिशेब

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला एका ओळखीच्या एसटी कंडक्टरचा फोन आला. आवाज दबका. घरात कुणी ऐकू नये म्हणून अंगणात येऊन बोलत असावा.

"दादा, विषय जरा नाजूक आहे. पोराला खोकला होता म्हणून दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी सगळंच तपासलं आणि म्हणाले, शूच्या जागेची कातडी मागं जात नाही, सुंता करावी लागंल. पुढच्या आठवड्यात घेऊन या म्हणाले. दादा, आमच्यात कुठं असतंय हे? आई तर रडायलाच लागली. म्हणती, पोराला बाटवताय का?"

पोराचं वय साडेतीन वर्षं. मी विचारलं, लघवी करताना रडतो का? नाही. धार नीट येते? येते. कधी सूज, पू, लघवीचा ताप? कधीच नाही.

मी पत्रकार आहे, डॉक्टर नाही. त्याला एवढंच म्हटलं की लगेच तारीख घेऊ नको, जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांच्या सर्जनला एकदा दाखव. आणि आईला सांग, कातडीच्या ऑपरेशननं कुणी बाटत नसतं.

फोन ठेवला, पण डोक्यातून विषय जाईना. हे ‘वैद्यकीय कारण’ आलं कुठून? म्हणून वाचायला बसलो. जे हाती लागलं ते इथं लिहितोय. पोस्ट लांब आहे आणि विषय चारचौघात बोलायचा नाही. पण ज्यांच्या घरात लहान मुलगा किंवा नातू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मुसलमान आणि ज्यू समाजात सुंता श्रद्धा म्हणून होते. ती बरी की वाईट, हा या पोस्टचा विषय नाही. ‘आजार आहे म्हणून कापावं लागेल’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा काय, एवढंच बघायचंय.

सुरुवात आपल्याच घरातून करू. सुश्रुतसंहितेत ‘क्षुद्ररोग’ म्हणून लहानसहान आजारांची मोठी यादी आहे. त्यात पुढच्या कातडीचे तीन आजार दिलेत. पहिला निरुद्धप्रकश. यात कातडीचं तोंड इतकं बारीक होतं की लघवी मंद धारेनं येते. आजचे डॉक्टर याला फायमोसिस म्हणतात. दुसरा परिवर्तिका. यात कातडी मागं जाते आणि तिथंच अडकून सुजते. हा आजचा पॅराफायमोसिस. आणि तिसरा अवपाटिका, म्हणजे जोरानं मागं ओढल्यामुळं कातडी फाटणं.

यातलं उपचाराचं प्रकरण वाचून मी थक्क झालो. निरुद्धप्रकशासाठी सुश्रुत थेट कापायला सांगत नाही. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्हीकडून उघडी अशी बारीक नळी तुपानं माखून आत घालायची, दर तीन दिवसांनी थोडी जाड नळी घ्यायची आणि तोंड हळूहळू रुंद करायचं. शस्त्र चालवायचं तर खालची शिवण सांभाळून. कातडी मागं अडकली असेल तर तूप लावून, शेकून, हळूहळू पुढं आणायची. आज तातडीच्या विभागात अशा मुलाची कातडी हातानं पुढं आणतात त्याचं तत्त्व हेच आहे.

तिसऱ्या आजाराकडं पुन्हा बघा. आपल्याकडं बाळाला न्हाऊ घालताना आजी किंवा मालिशवाली बाई तेलाचा हात लावून रोज ती कातडी मागं ओढते. ‘आत्ताच मोकळी केली की पुढं त्रास होत नाही’ ही त्यामागची समजूत. ओढून कातडी फाटते हे दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथात लिहून ठेवलंय, आणि आपल्या न्हाणीघरात अजून तेच चाललंय.

आपल्या मराठी मुलखात आणखी एक धागा आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. पिढ्यान् पिढ्या बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेल्या या लोकांनी ज्या मोजक्या खुणा जपल्या, त्यातली एक आठव्या दिवसाची सुंता. ज्यू धर्मशास्त्रात, तालमुदमध्ये, याच विधीबद्दल एक नियम आहे. एका घरातली आधीची मुलं सुंतेनंतर रक्तस्रावानं दगावली असतील, तर पुढच्या मुलाची सुंता करायची नाही. दोन मुलांनंतर थांबायचं की तीन, यावर त्यांच्यात वाद आहे, पण थांबायचं यावर नाही. रक्त न गोठण्याचा आजार, ज्याला आपण हिमोफिलिया म्हणतो, तो घराण्यात चालतो याची ही जगातल्या सर्वात जुन्या नोंदींपैकी एक मानली जाते. विधी देवाच्या आज्ञेचा, तरीही ‘या मुलाला नको’ म्हणायला जागा ठेवली होती.

मग ‘करायलाच हवी’ असं डॉक्टर कधीपासून म्हणायला लागले? याचा माग न्यूयॉर्कला जातो, साल १८७०.

लुईस सेअर हे तिथले नामांकित अस्थिशल्यविशारद. फेब्रुवारीत त्यांना पाच वर्षांच्या एका मुलाला बघायला बोलावलं. मुलाचे गुडघे वाकलेले, सरळ उभं राहता येत नव्हतं. सगळ्यांना वाटलं पक्षाघात. तपासताना मुलाला सांभाळणाऱ्या बाईनं सांगितलं की त्याची शूची जागा फार दुखते, तिथं हात लावू नका. सेअरनी बघितलं तर कातडी घट्ट आणि सुजलेली. त्यांनी अंदाज बांधला की तिथल्या सततच्या त्रासामुळं मज्जातंतू चाळवतात आणि पाय लुळे पडतात. क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी मुलाची सुंता केली. काही आठवड्यांत पोरगं चालायला लागलं.

आता पोरगं खरंच का बरं झालं, हे आज कुणाला सांगता येणार नाही. दुखरी जागा बरी झाल्यावर ते सरळ उभं राहिलं असेल, किंवा आणखी काही असेल. पण सेअरनी एका मुलावरून सिद्धांत उभा केला. आणखी रुग्ण गोळा केले आणि अपस्मारासारख्या आजारांचं खापरही या कातडीवर फोडलं. माणूस साधा नव्हता. १८८० मध्ये ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. एवढा मोठा डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर बाकीचे ऐकणारच.

पुढची पन्नास वर्षं वाचताना हसावं की रडावं कळत नाही. सॅन दिएगोचे डॉक्टर रेमोंडिनो यांनी १८९१ मध्ये सुंतेच्या इतिहासावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि सुंता न झालेल्या माणसाला विमा कंपन्यांनी जोखमीचा ग्राहक धरावा अशी सूचना केली. कॉर्नफ्लेक्सवाले डॉक्टर जॉन हार्वी केलॉग यांचा सल्ला तर अंगावर काटा आणतो. मुलं हस्तमैथुन करतात म्हणून त्यांची सुंता करावी, आणि भूल न देता करावी, म्हणजे वेदनेची शिक्षाही होईल! त्या काळी हस्तमैथुनानं वेड लागतं, क्षय होतो अशी डॉक्टरांचीच समजूत होती. म्हणजे आजार काल्पनिक, उपचार मात्र खरा, आणि तो पोरांनी सोसायचा.

लंडनमध्ये जोनाथन हचिन्सन यांनी याच्याही आधी, १८५५ मध्ये, आपल्या रुग्णालयातल्या ज्यू आणि बिगरज्यू रुग्णांची तुलना केली होती. ज्यूंमध्ये सिफिलिस म्हणजे उपदंश कमी दिसला, म्हणून सुंतेनं तो टळतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. आता दोन समाजांत फक्त कातडीचाच फरक असतो का? लग्न कुठल्या वयात होतात, वस्ती कुठं, बाहेरचे संबंध किती, यातलं काही मोजलं नव्हतं. हचिन्सनचा अंदाज पूर्ण चूक होता असं मी म्हणत नाही, पण तो घाईचा होता. ही घाई लक्षात ठेवा, पुढं आपल्या मुंबईतही हाच प्रश्न येणार आहे.

या सगळ्याचा परिणाम काय झाला? इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात साधारण तीनातल्या एका मुलाची सुंता होत होती, आणि त्याचा धर्माशी संबंध नव्हता. बड्या घरांत तर ती प्रतिष्ठेची गोष्ट झाली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर बहुसंख्य नवजात मुलांची सुंता प्रसूतिगृहातच व्हायला लागली. लकव्याचा सिद्धांत मागं पडला, वेडाचाही पडला. ऑपरेशन मात्र चालूच राहिलं. त्याची कारणं तेवढी बदलत गेली.

एका माणसानं थांबून साधा प्रश्न विचारला, तो केंब्रिजचे बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी. डिसेंबर १९४९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. प्रश्न असा : कातडी मागं जात नाही म्हणून आपण आजार म्हणतो, पण निरोगी मुलांमध्ये ती कधी मागं जाते, हे कुणी बघितलंय का? कुणीच बघितलं नव्हतं. त्यांनी बघितलं. नवजात मुलांपैकी फक्त ४ टक्क्यांची कातडी पूर्ण मागं जात होती. वर्षाच्या मुलांत निम्म्यांची, आणि तीन वर्षांच्या मुलांत साधारण ९० टक्क्यांची.

कारण सोपं आहे. आईच्या पोटात ही कातडी आणि आतला भाग एकमेकांना चिकटूनच तयार होतात. जन्मानंतर ते आपोआप, सावकाश सुटतात. ज्याला फायमोसिस म्हणून कापत होते, ती बाळाची नैसर्गिक अवस्था होती. बाळाला दात नाहीत म्हणून कवळी बसवावी, तसला प्रकार.

गेर्डनरनी आणखी एक आकडा दिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये या ऑपरेशनमुळं दरवर्षी पाच वर्षांखालची साधारण १६ मुलं दगावत होती, बरीचशी भुलेमुळं. ज्या मुलांना मुळात आजारच नव्हता, त्यांतली ही मुलं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली होती. कारणाशिवायच्या सुंतेचा खर्च तिनं उचलला नाही आणि तिथलं प्रमाण झपाट्यानं घसरलं.

१९६८ मध्ये डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासून हिशेब आणखी पुढं नेला. त्यांच्या तपासणीत असं दिसलं की निसर्ग गेर्डनरना वाटला त्याहूनही सावकाश चालतो. सहा-सात वर्षांच्या मुलांत ८ टक्क्यांची कातडी अजून घट्ट होती. सोळा-सतरा वर्षांपर्यंत ते प्रमाण १ टक्क्यावर आलं. कुणी ओढलं नाही, कुणी कापलं नाही. मोठं होता होता ती सुटली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही १९७१ मध्ये मान्य केलं की नवजात मुलाची सरसकट सुंता करायला ठोस वैद्यकीय कारण नाही.

तोवर काहींनी मोठी किंमत मोजली होती. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६५ साली जुळी मुलं जन्मली. काही महिन्यांची असताना दोघांना लघवीला त्रास होतोय असं वाटलं. निदान फायमोसिस, सल्ला सुंता. एप्रिल १९६६ मध्ये आधी एकाला आत घेतलं. विजेच्या उपकरणानं कापताना त्याचं लिंग जळून कायमचं निकामी झालं. पुढं बाल्टिमोरच्या एका प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानं त्या मुलाला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. चौदाव्या वर्षी खरं कळल्यावर तो पुन्हा पुरुष म्हणून जगू लागला, आणि इतर मुलांवर हे होऊ नये म्हणून त्यानं आपली कहाणी स्वतःच्या नावानं जगाला सांगितली. त्याचं नाव डेव्हिड रायमर. २००४ मध्ये, ३८व्या वर्षी, त्यानं आयुष्य संपवलं.

माझ्या मनात मात्र दुसरा भाऊ राहिलाय. पहिल्याचं असं झाल्यावर घाबरून त्याचं ऑपरेशन रद्द केलं. त्याचा फायमोसिस आपोआप गेला.

आता न्यायानं दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर ‘सगळे डॉक्टर लुटारू’ एवढंच लोक घेऊन जातील, आणि ते खरं नाही.

पहिली गोष्ट कर्करोगाची. परळचं टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना एका गोष्टीचं कुतूहल होतं. मुंबईत इतक्या जातीधर्मांचे लोक शेजारी शेजारी राहतात, मग कुणाला कुठला कर्करोग होतो आणि त्यांच्या चालीरीतींशी त्याचा काय संबंध? आपल्या देशातल्या कर्करोग संशोधनाचा पाया या अशा प्रश्नांवर घातला गेला. टाटाच्या नोंदींत लिंगाचा कर्करोग हिंदूंच्या मानानं मुसलमान रुग्णांत फार कमी दिसला. लहानपणी सुंता झालेल्यांना या कर्करोगापासून संरक्षण मिळतं, हे पुढं इतर देशांतही दिसलं.

पण इथं हचिन्सनवाला प्रश्न पुन्हा येतो : फरक कातडीचा की आणखी कशाचा? याचं एक उत्तर पुन्हा डेन्मार्कनंच दिलं. तिथं सुंता जवळपास होतच नाही. तरीही १९४३ ते १९९० या काळात तिथं लिंगाचा कर्करोग कमी कमी होत गेला. संशोधकांनी बोट दाखवलं ते स्वच्छतेकडं. घरोघरी न्हाणीघरं आली, रोजची आंघोळ आली. आज आपल्याला हेही माहीत आहे की एचपीव्ही नावाचा विषाणू, तंबाखू आणि मोठेपणीही न सुटलेली घट्ट कातडी ही या कर्करोगाची मोठी कारणं आहेत.

हे आपल्यापासून दूर नाही. बार्शीत टाटाच्या मदतीनं १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली गावं तिच्यात येतात. तिथल्या नोंदींत लिंगाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईपेक्षा जास्त आढळलं. हा दुष्काळी पट्टा. इथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला ‘रोज कातडी मागं घेऊन धू’ असं सांगणं सोपं आहे, पण त्याला पाणी कोण देणार? मला विचाराल तर नळाचं पाणी हे या कर्करोगावरचं औषध आहे, आणि ते ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

दुसरी गोष्ट लघवीच्या संसर्गाची. १९८५ मध्ये थॉमस विस्वेल या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी दाखवलं की सुंता न झालेल्या तान्ह्या मुलांत मूत्रमार्गाचा संसर्ग बराच जास्त होतो. हे खरं निघालं. पण मुळात निरोगी मुलांत हा धोका १ टक्क्याच्या आसपास. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. एका मुलाचा संसर्ग टाळायला १११ निरोगी मुलांची सुंता करावी लागेल. ज्याला वारंवार संसर्ग होतो अशा मुलांत हाच आकडा ११ होतो. आणि ज्यांची लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडं जाते, तेही तीव्र स्वरूपात, त्यांच्यात तो ४ वर येतो. ऑपरेशन तेच, पण पहिल्या मुलाला नको आणि शेवटच्या मुलाचं मूत्रपिंड त्यानं वाचू शकतं.

तिसरी गोष्ट एचआयव्हीची. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात झालेल्या चाचण्यांत सुंतेमुळं पुरुषांना स्त्रीकडून होणारी लागण साधारण ६० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं साथ जोरात असलेल्या आफ्रिकी देशांसाठी तशी शिफारस केली. या चाचण्या मोठ्या माणसांच्या होत्या. साडेतीन वर्षांच्या पोराची कातडी मागं जात नाही, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

मग लहान मुलाला खरंच ऑपरेशन कधी लागतं? वाचलं आणि दोन बालशल्यचिकित्सकांना विचारलं, त्याचं सार असं. सर्वात पक्कं कारण म्हणजे कातडीचं तोंड पांढरं, कडक, वण पडल्यासारखं होणं. हा एक वेगळाच त्वचारोग आहे. पाच वर्षांखाली तो क्वचितच दिसतो. इंग्लंडमधल्या एका हिशेबानुसार पंधराव्या वर्षापर्यंत १००० पैकी साधारण ६ मुलांना होतो. दुसरं, वारंवार पू होऊन सूज येणं. तिसरं, वर सांगितलेले मूत्रपिंडाचे धोके.

आणि कधी लागत नाही? नुसती कातडी मागं जात नाही म्हणून नाही. शू करताना क्षणभर फुगा येतो, नुसतं तेवढ्यासाठीही नाही. कातडीखाली पांढरे मऊ गोळे दिसतात, तो पू नसतो. सुटणाऱ्या कातडीचा तो साठलेला मळ, आपोआप बाहेर पडतो. खरोखर घट्ट असेल तरी आधी स्टेरॉइडचं मलम देतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार ते आठ आठवडे. १९९०च्या दशकापासून हा उपचार रुळलाय आणि बहुतेक मुलांचं त्यावरच भागतं. सुश्रुताच्या तुपाच्या नळीसारखीच रीत आहे, आधी सैल करून बघायचं. मलम मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणू नका, एवढं मात्र ऐका.

आता माझ्या घरची गोष्ट. माझ्या चुलतबहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा होता. कातडीचं तोंड पांढरं पडलेलं, धार सुतळीसारखी बारीक. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ऑपरेशन करा. पण ‘सुंता’ हा शब्द कानावर पडला आणि घर बिथरलं. आपल्यात नसतं. लोक काय म्हणतील? शाळेत पोरं चिडवतील. दीड वर्ष अंगारे, काढे, लेप चालले. शेवटी एका रात्री पोराची लघवीच बंद झाली. पोट दगडासारखं, पोरगं किंचाळतंय, जीपमध्ये घालून साठ किलोमीटर नेलं. ऑपरेशन झालं, आता तो कॉलेजात आहे, ठणठणीत आहे. पण ती रात्र मी त्या जीपमध्ये होतो. दीड वर्षापूर्वी ऐकलं असतं, तर ती रात्र आलीच नसती.

या शब्दाचं आपल्याकडं ओझं आहे, हे मला कळतं. धर्मांतराच्या जुन्या गोष्टी याच शब्दाभोवती सांगितल्या जातात. दंगलीत माणसाला अडवून याच खुणेवरून त्याचा धर्म तपासला गेलाय. त्यामुळं हा शब्द ऐकला की हिंदू बापाला आजार दिसत नाही, धर्म दिसतो.

माझा एक छायाचित्रकार मित्र मुसलमान आहे. ही पोस्ट लिहितोय म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "आमच्यात डॉक्टरला विचारत नाहीत, तुमच्यात डॉक्टरचं ऐकत नाहीत." मग त्यानं त्याच्या पुतण्याचं सांगितलं. खतन्याची तारीख ठरली होती, पाहुण्यांना सांगून झालं होतं. नेहमीच्या माणसाऐवजी या वेळी सर्जनकडं नेलं, म्हणून वेळेत कळलं की लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला आहे. याला हायपोस्पेडियास म्हणतात. अशा मुलाची सुंता आधी करायचीच नसते, कारण दुरुस्तीच्या ऑपरेशनला हीच कातडी लागते. घरच्यांनी कार्यक्रम रद्द केला. म्हणून मुसलमान मित्रांनाही विनंती आहे. तारीख ठरवण्याआधी सर्जनला एकदा दाखवा, आणि घराण्यात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा. तालमुदवाल्यांनी हे कधीच ओळखलं होतं.

इतकं वाचल्यावर मला एवढंच कळलं की ‘डॉक्टर म्हणाले’ आणि ‘आपल्यात नसतं’ ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच आहे : ‘माझ्या मुलाला नेमका काय त्रास आहे, आणि थांबलो तर काय होईल?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. सेअरना १८७० मध्ये कुणी हा प्रश्न विचारला असता, तर किती पोरं वाचली असती.

कंडक्टरचा परवा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज मोकळा होता. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवलं. तिथल्या मॅडमनी दोन मिनिटांत सांगितलं की पोरगं ठीक आहे, काही करायचं नाही, ओढायचं तर अजिबात नाही, सहा महिन्यांनी आणून दाखवा. मी विचारलं, आई काय म्हणाली?

"आईला मॅडमनी चांगलंच दमात घेतलं, दादा. रोज आंघोळीला तेल लावून तीच ओढायची ना."